दाम्बाकाकांनी बसवलेलं हाड

कट्.

नमद्याच्या शांत गेरमध्ये, म्हणजे आमच्या गोल तंबूत, आवाज घुमला आणि दाटीवाटीने बसलेल्या शेजारणींनी एकदम श्वास सोडला. नोमिनच्या गुडघ्यावर पसरलेल्या चादरीखालून हात काढत हाडं बसवणारे दाम्बाकाका म्हणाले, "सरकलेलं हाड बसलं."

मग काकांच्या बोलण्याची गाडी सुरू झाली. नऊ पिढ्यांचा हात आहे, डोंगरदेव स्वतः बोटांत येऊन बसतो, आणि देवाला वोडका चालते. पथ्य एकच: गुडघा आखडलाय, तो रोज मागे दाबून सैल करायचा.

नोमिनच्या आईने, सोलोंगोने, मान डोलावली. एके काळी तीही सर्कशीत अंगाची घडी करायची. लेक तिच्याहून लवचीक. आमच्याकडे पोर दुमडली की घरदार खूश, आणि दुखलं की निदान ठरलेलं: कमी ताणलंय. पण नोमिनचा गुडघा हल्ली चालतानाही लचकायचा, आणि सर्कसशाळेची निवड तोंडावर आली होती.

"काका, परत करा ना," नोमिन म्हणाली.

काकांनी हौसेने चादरीत हात घातला. कट्.

"हा तर शागाईचा आवाज," नोमिन म्हणाली.

मेंढीच्या घोट्याची ती हाडं दिवसभर उडवून खेळणाऱ्या पोरीला आवाज कळणार नाही? तिने चादर ओढली. काकांच्या तळव्यात दोन शागाया शेजारी शेजारी.

"ही हाडं देवाची आहेत," काका पुटपुटले.

"देव आमच्या अंगणात खेळतो वाटतं," एक आजी म्हणाली. सगळा गेर हसला. काका निघाले, बाटली मात्र विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर दुलमाताईंनी नोमिनची बोटं, कोपरं, गुडघे वाकवून पाहिले. "आखडलेला कुठला? फार सैल आहे. गेरचे दोर ढिले पडले की भिंत डुगडुगते ना? हिची हाडं बांधणारे पट्टे जन्मतःच तसे आहेत. ढिले दोर आणखी ढिले करून गेर उभा राहतो का?"

वाकणं सोडायचं नाही, पण आधी मांड्या मजबूत करायच्या, गुडघा मागे ढकलायचा नाही, असं त्यांनी समजावलं. "आणि कुणी चमत्कार दाखवला तर उघड्यावर दाखवायला सांगा. दुखणं खरं असतं, म्हणून उपायही पारखूनच घ्यावा."

उठताना सोलोंगोने सवयीने गुडघ्यावर हात रोवला. ताईंनी विचारलं, तुमचा गुडघा कधीपासून दुखतोय? ती हसत म्हणाली, नोमिनएवढी होते तेव्हापासून.

वाटेत नोमिनने आईचा हात धरला.

"आई, तुला दुखत होतं, तर तुला कुणी थांबवलं का नाही?"