बाविसाव्या मिनिटाला पडलेला काटा

मी एक जुना दाबमापक आहे, मित्रांनो. गाडीतली थंड हवा बंद पडली की मला तिच्या नळ्यांना जोडतात. मला दोन चेहरे आहेत. निळ्या कडेचा चेहरा कमी दाबाची बाजू पाहतो, लाल कडेचा जास्त दाबाची. खाली तीन रबरी नळ्या लोंबतात. लाल चेहऱ्याच्या काचेला तडा गेला आहे. त्यात काही मोठी कथा नाही. मी बाकावरून पडलो होतो.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. पितळ ओतून माझे धड केले, दोन्ही काटे शून्यावर बसवले आणि एका बाईने मला तीन वेळा तपासले. तिसऱ्या वेळी तिने मान डोलावली. ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

मला विकत घेतले फ्लोरांते यांनी. ते तेव्हा मासळीच्या जहाजांवर शीतगृहे सांभाळत. पुढे समुद्र सोडून ते आपल्या गावी, फिलिपिन्समधल्या तुगेगारावला परतले आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करू लागले. सगळे त्यांना मनोंग फ्लोरांते म्हणत; मनोंग म्हणजे दादा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

त्यांची एक सवय होती. मला गाडीला जोडायचे, रंगाचा रिकामा डबा उपडा टाकून त्यावर बसायचे आणि उकडलेल्या शेंगा खात अर्धा तास माझ्याकडे पाहत राहायचे. शेजारचा पाववाला डेल्फिन त्यांची थट्टा करी.

"मनोंग, गाडी दुरुस्त करताय की तिला झोपवताय?"

"ती काय सांगते ते ऐकतोय. तुझ्यासारखी मध्येमध्ये तोंड घालत नाही ती."

ते दिवस माझ्या मानाचे होते. दूरदूरच्या गावांहून लोक गाड्या घेऊन येत. मनोंग रोज संध्याकाळी मला पुसत आणि महिन्यातून एकदा माझे काटे शून्यावर आहेत का ते पाहत.

मग एके सकाळी ते उठले, तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणे जवळजवळ गेले. दुकान त्यांची मुलगी ओर्लिन चालवू लागली. ती कष्टाळू होती, हाताने चलाख होती, पण दारात गाड्यांची रांग लागली की तिचा जीव वरखाली होई. गिऱ्हाइके म्हणत, "गॅस भर आणि सोड." ती गॅस भरी आणि सोडी. त्यासाठी तिच्याकडे डब्याला जोडलेली एक छोटी नळी होती. मला अर्ध्या तासाची बैठक लागते, म्हणून मी भिंतीवरच्या खिळ्यावर राहिलो. माझ्या पाठीमागे पालीने अंडी घातली. मनोंग दाराशी खुर्चीत बसून सगळे पाहत. त्यांना काही बोलायचे असे, पण शब्द ओठांवर येईपर्यंत गाडी निघून गेलेली असे.

एप्रिलच्या शेवटी मारिविक नावाच्या शिक्षिका एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन आल्या. सोबत त्यांची सात वर्षांची मुलगी जेनलिन होती. मारिविक यांनी आल्याआल्या सांगितले, "हिला घाम येत नाही. जन्मापासूनच. अंग तापलं की निवतच नाही. एसीशिवाय मी हिला दिवसा बाहेर काढू शकत नाही."

जेनलिनच्या गळ्यात पाण्याच्या फवाऱ्याची बाटली होती. तिने स्वतःच्या तोंडावर फवारा मारला, मग ओर्लिनच्या. "आंती, तुम्हीपण तापलाय," ती मावशीला सांगावे तसे म्हणाली.

व्हॅनची एक नळी फुटून गॅस निघून गेला होता. ओर्लिनने नळी बदलली. आता यंत्रणेतली हवा आणि ओल पंपाने तासभर खेचून काढायची आणि मगच गॅस भरायचा. पण मागे तीन गाड्या भोंगे वाजवत होत्या. ओर्लिनने पंपाकडे पाहिले, रांगेकडे पाहिले आणि सरळ गॅस भरला. पाच मिनिटांत गार वारा सुटला. "बघा मनांग, बर्फ!" ती म्हणाली. मनांग म्हणजे ताई. मारिविक यांनी तिचे दोन्ही हात धरून आभार मानले. मी खिळ्यावरून पाहिले आणि गप्प राहिलो. मला तोंड नाही, मित्रांनो. दोन काटे आहेत, आणि तेही कुणी जोडल्यावरच बोलतात.

दोन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास तीच व्हॅन भोंगा वाजवत दुकानात घुसली. मारिविक मुलीला उचलून धावत आत आल्या. जेनलिनचा चेहरा लालभडक झाला होता, ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले. बाटली गळ्यात होती, पण हात ती उचलत नव्हता.

"पुलावर अडकलो," मारिविक धापा टाकत म्हणाल्या. "एसी एकदम गरम हवा फेकायला लागला. पाणी दे, पंखा लाव, लवकर!"

ओर्लिनने पंखा ओढून आणला. चादर भिजवून मुलीभोवती गुंडाळली. मनोंगनी खुर्चीतून डाव्या हाताने पाण्याचा पाइप धरला आणि मुलीच्या पायांवर सोडला. मारिविक यांनी तापमापी लावली. एकोणचाळीस अंश आणि वर चार दशांश.

"पंधरा मिनिटं बघते. उतरला नाही तर इस्पितळ," त्या म्हणाल्या.

ती पंधरा मिनिटे ओर्लिन चादर पुन्हापुन्हा भिजवत राहिली. नंतर पारा साडेअडतीसवर आला. मग अडतीसवर. जेनलिनने डोळे उघडले आणि आईला विचारले, "नानांग, आपण डोंगरात पोचलो?"

तेव्हा कळले, त्या कुठे निघाल्या होत्या. मारिविक यांना बोंतोकच्या बाजूला एका थंड डोंगरगावात शाळा मिळाली होती. तिथे मुलीला दिवसाउजेडी अंगणात खेळता आले असते. फक्त आधी ताबुक गावापर्यंतचे तापलेले सपाट रान पार करायचे होते.

ओर्लिनने व्हॅन सुरू केली. गार हवा आली!

"थंड येतंय की, मनांग."

"म्हणजे मी खोटं बोलतेय? हिचं अंग खोटं बोलतंय?"

"तसं नाही हो. थोडा गॅस कमी असेल. भरून देते, दहा मिनिटांत निघा."

तिने गॅसचा डबा उचलला आणि त्याच क्षणी मनोंगनी डाव्या हातातला पत्र्याचा पेला खुर्चीच्या दांड्यावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी भिंतीकडे बोट केले. माझ्याकडे.

"तातांग, आत्ता नको. वेळ नाहीये," ओर्लिन वडिलांना म्हणाली.

त्यांनी पुन्हा पेला आपटला. ओर्लिनने मला खाली काढले, अंडी अलगद बाजूला ठेवली आणि माझ्या नळ्या व्हॅनला जोडल्या. कित्येक महिन्यांनी माझ्यात दाब शिरला. निळा काटा चाळिसावर, लाल अडीचशेवर. दोन्ही अगदी जिथे असावेत तिथे.

"बघा, सगळं ठीक आहे," ओर्लिन म्हणाली आणि नळी सोडवायला वाकली.

मनोंगच्या ओठांची धडपड झाली. गळ्याच्या शिरा ताणल्या. "ब... बस."

ती बसली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. इंजिन घुरघुरत होते. मारिविक येरझारा घालत होत्या. "किती वेळ?" ओर्लिन काट्यावर नजर ठेवून बसली. पंधरा. अठरा. मला स्वतःचीच भीती वाटू लागली, मित्रांनो. मी म्हातारा, महिनोन्महिने धूळ खात पडलेलो. माझे काटे अडकून बसले असतील आणि मी खोटा दिलासा देत असेन तर? त्या दिलाशावर एक मूल उन्हात निघणार होते.

बाविसाव्या मिनिटाला माझा निळा काटा हलला. पस्तीस, पंचवीस, दहा. तो शून्यावर आला आणि तिथेही न थांबता खाली गेला. लाल काटाही उतरू लागला. मारिविक यांनी गाडीत हात घातला. "गेली. गार हवा गेली."

गॅस कमी असता तर काटा सुरुवातीपासूनच खाली राहिला असता. इथे वाटेत काहीतरी अडले होते. मनोंगनी कॉफीच्या थर्मासकडे बोट केले, मग गाडीच्या बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हकडे, जिथून गॅस फवारा होऊन आत जातो. ओर्लिनने फडके गरम पाण्यात बुडवून व्हॉल्व्हवर ठेवले. तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. दोन मिनिटांनी निळा काटा उडी मारून वर आला. गार वारा पुन्हा सुटला.

"बर्फ," ओर्लिन पुटपुटली. "आत पाणी आहे. त्याचा बर्फ होऊन तोंड बुजतंय. गाडी थांबली की वितळतो, म्हणून छोट्या फेऱ्यांत कळलंच नाही."

पाणी कुठून आले, हे कुणी विचारले नव्हते. ती 'जुनी गाडी आहे' म्हणून मोकळी होऊ शकत होती. तिने हात पुसले आणि ती मारिविक यांच्यासमोर उभी राहिली.

"मनांग, हे माझ्यामुळे झालं. त्या दिवशी मी पंप लावलाच नाही. रांग होती म्हणून घाई केली."

मारिविक यांनी मुलीभोवतीची चादर सारखी केली. मग त्यांचा आवाज चिरकला. "मी पुलावर हिला हाका मारत होते. ही ओ देत नव्हती. तू म्हणालीस 'बर्फ', आणि मी तुझे हात धरले!"

ओर्लिनने मान खाली घातली नाही. डोळे भरले, तरी तिने ते ऐकून घेतले.

"आता काय करणार, ते सांग," मारिविक शेवटी म्हणाल्या.

ओर्लिनने सगळा गॅस काढून टाकीत घेतला, ओल शोषणारी डबी नवी बसवली आणि पंप लावला. माझा निळा काटा शून्याखाली गेला. या वेळी त्याने तिथेच राहायचे होते, तासभर. पण वीस मिनिटे होताहेत तोच वीज गेली. पंप थांबला आणि पंखाही थांबला. दुकानात गरम हवा दाटली. जेनलिन कण्हली.

"पुरे झालं असेल ना?" मारिविक घाबरून म्हणाल्या. "गॅस भर, जाऊ दे आम्हाला!"

"नाही भरणार," ओर्लिन म्हणाली. "अर्धं काम करून मी तुम्हाला एकदा पाठवलंय." आणि ती शेजारी धावली.

डेल्फिन घामाघूम होऊन आपला जनरेटर ढकलत आला. "माझी भट्टी थंड पडली तरी चालेल, ही पोरगी तापायला नको. आणि ओर्लिन, तुझ्या बापासारखीच झालीस बघ. आता शेंगापण आणू का?" रडवेल्या चेहऱ्याने जेनलिन हसली. पंखा फिरला. पंप धडधडू लागला.

ओर्लिनने पुन्हा पहिल्यापासून एक तास मोजला. मग पंप बंद करून काटा जागचा हलत नाही ना, ते पाहिले. गॅस भरल्यावर तिने मारिविक यांना शेजारी बसवले आणि माझे दोन्ही चेहरे कसे वाचायचे ते शिकवले. बाविसावे मिनिट आले तेव्हा दोघींनी नकळत एकमेकींचा हात धरला. काटा चाळिसावर होता. तिसाव्या मिनिटालाही. पंचेचाळिसाव्यालाही.

तीन वाजता व्हॅन निघाली. मारिविक यांनी आभार मानले नाहीत. तिकडे वडीलधाऱ्यांना मान देतात तसे त्यांनी मनोंगच्या हाताला कपाळ लावले, आणि जाताना खिडकीतून ओर्लिनला एवढेच म्हणाल्या, "पोचल्यावर कळवते."

रात्री उशिरा ओर्लिनच्या फोनवर आवाजातला एक निरोप आला. जेनलिनचा. "आंती, इथे मला थंडी वाजतेय! नानांगनं मला दोन स्वेटर घातलेत!" मनोंगनी तो निरोप चार वेळा लावायला सांगितला.

आता ओर्लिन प्रत्येक गाडीला मला जोडते. कुणी चिडून निघून गेले तर जाऊ देते. माझ्या नळ्यांचे रबर तडकू लागले आहे. त्या बदलाव्या लागतील. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल. जुना तराजू, तापमापी, घड्याळ. त्याला पुसत जा, ते बरोबर दाखवते ना हे अधूनमधून पडताळत जा. आणि ते काही सांगू लागले की त्याचे सांगून होईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. त्या सांगण्यावर कुणाचा तरी रस्ता अवलंबून असतो.