कणगीत लपवलेला चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. भाजी चिरणारा नव्हे, आंब्याची कलमं बांधणारा. बोलणं थोडं तिखट वाटलं तर राग मानू नका. चाकूच मी, गोड बोलायला मला कुणी शिकवलंच नाही.

मिरजोळ्याच्या एका लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यातून मला घडवलं. मूठ फणसाच्या लाकडाची. ती माझ्या धन्याने, रावजीने स्वतः तासली, म्हणून त्याच्याच हातात नीट बसायची. दुसऱ्या कुणी उचललं की मला परक्याच्या पंगतीत बसल्यासारखं वाटे.

रावजी बागाबागांतून कलमं बांधायचा. कोयीतून नुकतंच वर आलेलं तांबूस रोप घ्यायचं, त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. चीर जरा वाकडी गेली की काडी सुकते. आमची सहसा सुकत नसे. बागायतदार म्हणायचे, "रावजीला हातगुण आहे." मी मनात म्हणायचो, थोडा माझाही आहे. संध्याकाळी त्याची बायको चिमा मला खोबरेल तेलाने पुसून कोनाड्यात ठेवी.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. त्या पावसाळ्यात रावजीची झोप उडाली. अन्नावरची वासना गेली, तो स्वतःशीच बोलू लागला. त्याच दिवसांत त्याने घरामागे स्वतःसाठी एक कलम बांधलं. तेच आमचं शेवटचं काम ठरलं. घरच्यांनी अंगारे लावले, देवाला गाऱ्हाणी घातली. एक दिवस बागेत तो बांधलेल्या कलमांच्या पट्ट्या भराभर कापत सुटला. "गुदमरतात ती, श्वास घेऊं दे त्यांना," म्हणत होता. मी त्याच्याच हातात होतो. खरं सांगतो, त्याने मला माणसाकडे वळवलंसुद्धा नाही. पण दिवेलागणीपर्यंत वाडीभर झालं, की रावजी चाकू घेऊन लोकांच्या अंगावर धावला. तिळाचा ताड व्हायला आमच्याकडे वेळ लागत नाही.

थोरला भाऊ धाकू त्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात घेऊन गेला. हे मात्र त्याने चांगलं केलं. काही महिन्यांनी रावजी घरी आला तो शांत झोपणारा, पोटभर जेवणारा, न चुकता गोळ्या घेणारा होता. डॉक्टरांनी चिमाला बजावलं होतं, गोळ्या चालू ठेवा आणि त्याचं काम त्याला करू द्या. गोळ्यांचं तिने ऐकलं. कामाचं ऐकायला तिचा जीव धजावला नाही. तो यायच्या आधीच तिने कोयता शेजारी दिला, विळी माळ्यावर टाकली आणि मला माजघरातल्या भाताच्या कणगीत खोल खुपसलं. तिथून मला सगळं ऐकू येई.

"चिमे, माजा चाकू कुटं हाय गो?"

"नाय दिसला. हरवला असंल."

"घरातला चाकू हरवतो कसा?"

धाकू ओटीवरून म्हणाला, "रावज्या, ऱ्हाऊं दे आता ता. गप घरात बस, खा-पी." मग चिमाला हळू आवाजात म्हणाला, "माकडाच्या हातात कोलीत देव नको."

रावजीने ते ऐकलं. आजार बरा झाला होता, पण कान आधीही शाबूत होते आणि आताही.

तो काम मागायला बागायतदाराकडे जाऊन आला. घरी येऊन चिमाला म्हणाला, "खुळ्याच्या हातचा झाड खुळाच व्हतो, असा लोक म्हणतात." तापातून उठलेल्याला कुणी जन्मभर तापकरी म्हणत नाही. रावजी मात्र इस्पितळातून आला तो कायमचा खुळा ठरला. हात तोच होता, हातगुणही तोच होता.

तो मला पुन्हा पुन्हा मागत राहिला. भात काढायला चिमा कणगीत हात घाली, तिची बोटं मला लागत, थबकत आणि मला आणखी खाली ढकलत. मला तिचा राग आला नाही. भीतीने ती आतून पोखरली होती. एक दिवस रावजीने विचारणं सोडून दिलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला तोवर गंज चढू लागला होता.

पुढे तो मुंबईला गेला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून एका गोदामावर राखणदारी मिळाली. गोळ्या तो तिथेही घेत राहिला.

काही वर्षांनी मे महिन्यात तो घरी आला. घरामागच्या कलमाला त्या साली पहिल्यांदा आंबे धरले होते. आजारपणात बांधलेलं ते कलम, आणि आंबे असे गोड की धाकू रोज टोपलीशी घुटमळे. चिमा हे पाहत होती. तिने कणगीच्या तळाशी हात घातला, मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि धाकूच्या देखत रावजीच्या तळहातावर ठेवलं.

"मीच लपवला व्हता. भ्याले मी. चुकला माजा."

रावजीने धारेवरून अंगठा फिरवला. "गंजलाय."

"धार लावा नि यंदा बांदा कलमा."

त्याने दगडावर मला घासलं. एक डहाळी तोडून काडी तासायला घेतली. पाचर वाकडी झाली. दुसरी घेतली, तीही वाकडी झाली. मूठ हातात बसत होती, पण बोटांना वाट आठवत नव्हती.

"हात विसरला गो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच चिमाला रडू आवरेना. मग त्याने माझ्या पात्याने एक आंबा चिरला आणि पहिली फोड धाकूला दिली. धाकू ती हातात धरून खाली मान घालून बसला.

मित्रांनो, आता मी पुन्हा कोनाड्यात असतो, सगळ्यांना दिसेल असा. रावजी गोदामावर परत गेला आहे. तुमच्या घरात, तुमच्या वाडीत कुणी मनाच्या दुखण्यातून किंवा दारूच्या व्यसनातून उठून आलं, तर त्याचं औषधपाणी जपा. पण वल्हं असो, सुई असो की माझ्यासारखा चाकू, त्याचं काम त्याच्यापासून लपवू नका. ते त्याच्या हातात द्या. भीती वाटली तर शेजारी बसून राहा. चिमाने तेवढंच करायला हवं होतं.