कडू लागलं का?

कारखान्यात मास्क, हातमोजे, चष्मे मी वाटते आणि वाटण्याआधी एकेकाची झडती घेते. हातमोज्यात हवा भरून बोटं दाबते, मास्कचे पट्टे ताणते, झडप उलटून पाहते. जरा कुठे चीर दिसली की लाल चिठ्ठी लावून बाजूला. यामुळे सगळे मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे.

सगळ्यांत जुना रंगारी माझा सख्खा मामा. सव्वीस वर्षं स्प्रेने रंग मारतोय, आणि दाढी छातीपर्यंत. नवा रंग आला तो जहाल. साहेबांनी सांगून टाकलं, ज्याच्या तोंडावर मास्क घट्ट बसेल तोच रंगाच्या खोलीत जाईल, बाकीचे पॅकिंगला. खोके बांधत बसायचं या कल्पनेनेच मामाची झोप उडाली.

मास्क बसतो की नाही हे बघायची आमची रीत साधी. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालायचं आणि आत कडू पाणी फवारायचं. पहिल्यांदा मास्क न लावता, माणसाला चव कळते ना हे बघायला. मग मास्क लावून. तेव्हा कडू लागलं तर मास्क गळतोय. दाढी असली की गळतोच.

मामाने कुणाकडून तरी अर्धवट ऐकलं होतं. काहीही झालं तरी नाही म्हणायचं, असं ठरवून तो स्टुलावर बसला. मी टोपडं घातलं, फवारा मारला.

"कडू लागलं का?"

"छे!" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

मी आणखी दोन फवारे मारले. नाकाचा शेंडा लाल झाला, पण गडी हटेना.

"काहीसुद्धा नाही. मस्त मास्क आहे हा."

"मामा, मास्क अजून माझ्या हातात आहे."

सगळं खातं हसलं. मामाने मला कोपऱ्यात गाठलं. "तो डोक्यावरून घ्यायचा, नळीने आत हवा सोडणारा हूड दे ना. त्याला दाढी चालते."

"त्याची नळी तडकलीय. लाल चिठ्ठी आहे."

"काढ की चिठ्ठी. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"अगं, तुझ्या मामीने माझी हनुवटी बघितलेली नाही! लग्नाच्या आधीपासून दाढी आहे. तिथे एवढा खड्डा आहे, शाळेत पोरं चिडवायची."

मला इतका राग आला की बोलू नये ते बोलून गेले. "आईने त्याच खोलीत नऊ वर्षं नाकाला रुमाल बांधून रंग मारला. शेवटी शेवटी तिला जिन्याच्या दर पायरीवर थांबावं लागायचं. तू तिचा धाकटा भाऊ. तुलाही मी तसंच बघत बसू?"

मामा पाठ फिरवून निघून गेला. दिवसभर मला चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वाटपाच्या खिडकीशी एक गुळगुळीत तोंडाचा माणूस उभा राहिला. "पाहुण्यांनी गेटवर नोंद करायची," असं म्हणत मी मान वर केली. हनुवटीवर खळी होती, आईची.

"मामी काय म्हणाली?"

"आधी पाव तास हसली. मग म्हणाली, अगदी वन्संसारखे दिसता. मग कितीतरी वेळ बघतच बसली."

मी त्याला बसवलं. आधी मास्कशिवाय फवारा मारला, त्याने शहाण्यासारखं तोंड वाकडं केलं. मग मास्क, पट्टे, टोपडं, फवारा.

"लागलं का?"

"नाही."

याचा भरवसा काय? मी टोपड्याखालून हात घालून मास्कची कड हळूच उचलली.

"कडू! कडू, कार्टे!"

मी वहीत पास लिहिलं. मामाने टोपडं काढलं, मास्क उतरवला आणि ती हनुवटी पुन्हा समोर आली.

"आता तुला रडायला काय झालं?"

"पाणी उडालं डोळ्यांत," मी म्हणाले.

"फौजदारीणबाई," मामा म्हणाला, "फवारा टोपड्याच्या आत होता."