भाषण करणाऱ्याचा हक्क

गोकुळदास मास्तर भाषणं लिहायचे आणि मी ती ठोकायचे. १९८६ साल, गोव्यात मराठी की कोंकणी हा राजभाषेचा वाद पेटलेला. मराठीच्या सभेत वकिली शिकणारी मुलगी बोलणार म्हटलं की गर्दी व्हायची. कुठे थांबायचं, आवाज कुठे उतरवायचा, सगळं मास्तरांनी घोटून घेतलेलं. "हुकमी वाक्य गर्दीला सांगू नकोस सुविधा, एक चेहरा धर," ते म्हणायचे.

सर्वणच्या सभेत मी चेहरा धरला तो सुलोचनामावशीचा. मी बोलणार म्हणून ती कौतुकाने पुढे येऊन बसलेली. "ज्यांना साधी सही करता येत नाही, ते आमची भाषा ठरवणार?" माझ्या नजरेमागून माणसं वळली आणि हसली. मावशी अंगठा लावते, हे अख्ख्या सर्वणाला ठाऊक होतं.

मी कोरगावची. पणजीच्या कॉलेजला जायची बस जवळच्या डिचोलीहून मिळते म्हणून सर्वणला आईच्या या मैत्रिणीकडे राहत होते. त्या दिवसापासून मावशी ताट वाढायची, पण बोलायची नाही. तिचंच माशाचं हुमण जेवायचं आणि मान खाली घालायची. दुसरीकडे जायला ना जागा, ना तोंड. रागही यायचा. अगं, चार शिव्या तरी घाल!

बचाव तयार होता: वाक्य मास्तरांचं, मी नुसती बोलले. आरशासमोर उभं राहून तो चांगला पाठ केला. मग परीक्षेसाठी कॉपीराइटचा कायदा उघडला आणि तिथेच अडकले. जाहीर भाषणाचा पहिला मालक कोण? ज्याने ते केलं तो, सभा कुणीही भरवलेली असो. मास्तरांच्या कागदाचं काय, यावर वकील खुशाल भांडोत. मला मात्र तेवढं पुरे होतं. ते भाषण माझंच होतं.

स्वयंपाकघरात गेले. पाठ केलेलं सगळं गिळलं.

"मावशे, म्हजें चुकलें."

नारळ खोवणारा तिचा हात थांबला. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"हांगा चुलीमुखार कित्याक सांगता? थंय मायकार सगळ्यांमुखार उलयलें न्ही? थंयच सांग." चुलीपुढची माफी तिला नको होती; जिथे माईकवर सगळ्यांसमोर बोलले, तिथेच हवी होती.

रविवारी सर्वणातच पुन्हा सभा होती. पहिली वक्ता मीच होते, आणि मास्तर नेहमी पहिल्या रांगेत बसायचे.