त्राटिकेचं कपाट

१. मुखवटा

त्राटिका. कागदाचा लगदा, बांबूच्या कामट्या आणि वर रंगाचे इतके थर, की सगळ्यात आतली त्राटिका कोणत्या रंगाची होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. जीभ लाकडाची. नाकातली नथ पितळेची, ती नंतर बसवलेली. राक्षसिणीला नथ कशाला, असं कुणीतरी जिवाच्या आजाला विचारलं होतं. आजा म्हणाला, "लगीन नाय का झालं तिचं?"

साखरशेतच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथला बोहाडा म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, आणि त्यात प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. गणपती एका घराचा, भीम दुसऱ्या घराचा. त्राटिका जिवाच्या घराची. त्या घरातली पोरं जन्मल्यापासून 'त्राटिकेची' म्हणूनच ओळखली जातात, आणि शाळेत यावरून मारामाऱ्या होतात. पण मान तो मान, सोंग त्या घराच्याच दारातून निघतं. सोंग लागोपाठ दोन वर्षं निघालं नाही, तर पंच ते दुसऱ्या घराला देतात.

मागच्या वर्षी त्राटिका निघाली नाही.

हात लावू नये.

२. गुडघा

(हा प्रदर्शनात मांडलेला नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.)

जिवाचा, उजवा. जिवा सांगतो, ट्रकमधून खताच्या गोण्या उतरवताना गेला. त्याची बायको ठकी सांगते, शेजारच्या वामनच्या कोंबडीमागे धावताना गेला. कोंबडी जिवाच्या नाचणीत शिरली होती, हे दोघांनाही मान्य आहे.

त्राटिकेच्या नाचात खाली बसायचं असतं, अगदी ढुंगण जमिनीला लागेपर्यंत, आणि तिथून उसळी मारून गरकन फिरायचं असतं. हा गुडघा खाली बसतो. उसळी मारत नाही.

३. मुलगा

(हाही प्रदर्शनात नाही. घोडबंदरला फरशा बसवतो.)

या वर्षी तू नाच, असा कमलेशला निरोप गेला होता. त्यानं एसटीडी बूथवरून पाड्याजवळच्या दुकानात फोन केला.

"आये, सेठ छुट्टी नाय देत."

"बोहाडा हाय म्हणून सांग."

"सांगितला. तो म्हणतो, बोहाडा क्या है? मी काय सांगू? लुगडं नेसून राक्षसीण व्हायला गावाला चाललो?"

"तुझा बाप झाला, आजा झाला. त्यांचं काय वाकडं झालं?"

"बापाचा गुडघा," असं म्हणून कमलेशनं फोन ठेवला.

४. कपाट

सागवानी चौकट, तीन बाजूंनी काच, पुढे कुलूप. हे कपाट आणलं पुष्पलताबाईंनी. बाई याच पाड्यातल्या, शिकून आमच्याच शाळेत शिक्षिका झालेल्या.

गेल्या थंडीत शाळेची सहल समुद्रावर गेली होती. पोरं पहिल्यांदा समुद्र बघून ओरडत असताना बाईंना किनाऱ्यावरच्या एका लहानशा मच्छीमार गावात एक खोली दिसली. हरेश नावाच्या माणसानं आपल्या वडलांची जाळ्यांची खोली रिकामी करून तिच्यात गावातल्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. वल्ही, जाळ्यांची शिशाची वजनं, म्हाताऱ्या बायकांचे दागिने, आणि मधोमध एक अख्खी होडी. ती आत नेता यावी म्हणून त्यानं खोलीची भिंत पाडली होती आणि मग परत बांधली होती.

बाई परतल्या त्या हेच डोक्यात घेऊन. शाळेची गळकी खोली शाकारून घेतली. आता तिच्यात ठेवायचं काय? बाई घरोघर फिरणार, एवढ्यात जिवा लंगडत स्वतःच आला, डोक्यावर त्राटिका घेऊन.

"ठेवा ही काचेत. कुलूप मोठं लावा."

"जिवाकाका, अहो, बोहाडा तोंडावर आलाय."

"म्हणूनच आणली."

कारण असं. या वर्षीही त्राटिका निघाली नाही, तर पंच ती वामनला देणार हे ठरल्यासारखंच होतं. वामन म्हणजे जिवाचा शेजारी, भाऊबंद आणि कोंबडीचा मालक. त्याचा गुडघा उत्तम होता. काचेत गेलेल्या वस्तूला मात्र पंच हात लावणार नव्हते. ती सरकारी होते, असा जिवाचा समज होता. बाईंनी तो खोडून काढला नाही.

मागोमाग ठकी आली. ठकी शाळेत खिचडी करते. हातात पळी तशीच.

"काचेत घालून काय करतोस? लोणचं घालतोस तिचं?"

"वामनच्या डोक्यावर जाण्यापेक्षा बरी."

"वामनच्या डोक्यावर तर डोक्यावर! नाचेल तरी. दर वर्षी माझं लुगडं नेसून निघते ती. माझं लुगडं कपाटात उभं राहणार?"

"लुगडं नाय देत मी. नुसतं तोंड देतो."

"तुझं तोंड दे," ठकी म्हणाली.

५. पाटी

बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं: *ही पारंपरिक कला आता लोप पावत आहे.*

जिवानं ते बोट ठेवून ठेवून वाचलं.

"कोण म्हणतं लोप पावते? वामन रोज खळ्यात नाचतो."

ठकी वळली. "तुला कसं ठाऊक?"

"कुडाला भोक हाय."

"म्हणजे रोज बघतोस!"

"बघत नाय. दिसतं." जिवानं पाटीवरचं बोट काढलं. "गिरकी चुकतो तो. डावीकडून घेतो. त्राटिका डावीकडून फिरेल कशी, डाव्या हातात झाड असतं तिच्या."

बाईंनी 'लोप पावत आहे' खोडलं आणि 'दुर्मिळ आहे' असं लिहिलं. जिवाला तेही पटलं नाही, पण का ते त्याला सांगता येईना.

६. नारळ

साहित्य: नारळ.

मूळ गाव: समुद्रकिनारा.

खोलीच्या उद्घाटनाला हरेशला बोलावलं होतं. बाईंनी त्याला पत्र टाकलं तेव्हा ठकीनं एक ओळ वाढवायला सांगितली होती: *येताना आपल्या झाडाचा एक चांगला नारळ आणावा, आमच्याकडे डोंगरात नारळ होत नाही.* बाईंना वाटलं, चटणीला हवा असेल.

इथं दोन गोष्टी सांगायला हव्यात.

एक: बोहाड्यात मुखवटा समोर ठेवून नारळ फोडला की सोंग उठतं. उठलेलं सोंग नाचल्याशिवाय परत ठेवत नाहीत. पाऊस येवो, वादळ येवो, तमाशा येवो. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दोन: समुद्राच्या लोकांना नारळ दिसला की तो फोडल्याशिवाय राहवत नाही. नवी होडी आली, फोड नारळ. नवं इंजिन आलं, फोड. हरेशच्या भाच्यानं जुनी मोटारसायकल घेतली, तिच्यापुढेही फोडला. सहलीच्या दिवशी त्यानं आपल्या खोलीतल्या होडीपुढे फोडला होता आणि सगळ्या पोरांना खोबरं वाटलं होतं. सहलीत स्वैपाकाला ठकी होती. तिनं खोबरं खाल्लं होतं.

तर उद्घाटनाचा दिवस. सकाळ, ऊन चढलेलं, पाडा जमलेला. संबळ वाजवायला बाबल्या उभा. पाहुण्यांच्या स्वागताला थोडं वाजवायचं आणि थांबायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. कार्यक्रमात फक्त फीत कापणं होतं. हरेशनं फीत कापली, आत आला, काचेआडच्या त्राटिकेकडे बघून हात जोडले आणि पिशवीत हात घातला.

"बाई, असं कोरडं उद्घाटन करतात का कुठं?"

बाईंच्या लक्षात यायला जेवढा वेळ लागला तेवढाच हरेशला नारळ काढायला लागला. "हरेशभाऊ, नको, अहो, इथं—"

"जोरात मारा, भाऊ," ठकी म्हणाली. "आमची जमीन मऊ हाय."

नारळ फुटला. पाणी कपाटाच्या खालून वाहत गेलं.

७. शांतता

(हिला पाटी लावता येत नाही.)

८. किल्ली

पुष्पलताबाईंच्या पर्समध्ये, रुमालाखाली. कुणी मागायच्या आत बाईंनी ती काढली होती. शिकल्या तरी त्या पाड्याच्याच.

"काय झालं?" हरेश सगळ्यांची तोंडं बघत होता. "नारळ वाईट निघाला का?"

"नारळ चांगला निघाला," बाबल्या म्हणाला आणि त्यानं संबळाच्या दोऱ्या आवळल्या.

कपाट उघडलं. त्राटिका बाहेर आली. जिवानं कुणाकडे न बघता ती हातात घेतली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मुखवटा चढवला. ठकीनं काखेतलं लुगडं पुढे केलं. ते सकाळपासून तिच्या काखेत कशासाठी होतं, हे तिला कुणी विचारलं नाही.

बाबल्यानं ठेका धरला. जिवा अंगणात आला, दोन्ही हात पसरले, मान अशी फिरवली की पुढची पोरं मागं सरली. आणि खाली बसला. अगदी खाली.

ठेका उसळीवर आला. त्राटिका बसलेलीच.

बाबल्यानं ठेका पुन्हा उसळीवर आणला. काही झालं नाही. मुखवट्याच्या आतून जिवाचा आवाज आला, हळूच, "उचला रं कुणीतरी."

एक पोरगं हसलं आणि आईचा फटका खाऊन गप्प झालं. दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून त्राटिकेला उभं केलं. जिवानं मुखवटा काढला. घामानं चेहरा भिजलेला, मुखवट्यापेक्षा लाल.

सगळा पाडा एका दिशेला बघायचं टाळत होता. त्या दिशेला वामन उभा होता.

सोंग दुसऱ्याच्या डोक्यावर बांधायचं, तर ते घरच्या माणसानंच, आपल्या हातांनी. दुसऱ्या कुणी बांधलं, तर ते सोंग नव्हे, नुसती नक्कल. म्हणजे आता एकच माणूस काही करू शकत होता आणि त्याचा एक गुडघा निकामी होता.

"वामन," जिवा म्हणाला. "इकडं ये."

"नको, दादा." वामन खरंच मागं सरकला. "तुझी हाय ती. मला नाय जमणार."

"मग खळ्यात रोज कुणाची नाचतोस?"

वामन परत पुढे आला. "तू बघतोस?"

"दिसतं!"

९. गाठ

सुती फडक्याची, हनुवटीखाली. बांधणारा जिवा.

"दादा, घट्ट होते. श्वास घ्यायला जागा ठेव."

"त्राटिका श्वास घेत नाय."

"मी घेतो ना!"

जिवानं गाठ सोडली, पुन्हा बांधली. या वेळी त्याला वेळ लागला. बोटं गाठीवरच राहिली, एखादा म्हातारा बैल विकताना त्याच्या वेसणीवर राहतात तशी. ठकीनं लुगड्याचा काष्टा मारला, पदर खोचला आणि वामनच्या पाठीवर थाप मारली. मग जिवाच्याही मारली, जरा जोरात.

१०. कपाट (दुसऱ्यांदा)

रिकामं. बाईंनी आतली पाटी काढली आणि उलटी करून ठेवली. मागं लिहायला जागा होती, पण काय लिहावं ते सुचेना. हरेश म्हणाला, "आमची होडी पण अशीच एकदा भरतीत घेऊन जायला पाहिजे." मग जरा विचार करून म्हणाला, "पण परत भिंत पाडावी लागेल."

११. नाच

वामन उत्तम नाचत होता. हे सगळ्यांना दिसत होतं. उसळी तर अशी, की खाली बसलेला केव्हा वर गेला ते कळू नये. पोरं पळत होती, म्हाताऱ्या हात जोडत होत्या.

जिवा रिंगणाच्या कडेला उभा राहून ओरडत होता.

"उजवीकडून! उजवीकडून फीर! डाव्या हातात झाड हाय!"

वामननं गिरकी उजवीकडून घेतली.

"मान! मान कुणी फिरवायची, मी? त्राटिका हाय ती, शेळी नाय!"

मान फिरली.

"बाबल्या, ठेका ओढ. ती काय एसटी पकडायला चालली?"

बाबल्यानं ठेका ओढला. जिवा आता रिंगणाच्या आत होता. लंगडत, हातवारे करत, वामनच्या पुढून मागून फिरत होता. कधी त्याच्या कोपराला धरून तो वर करत होता, कधी नुसत्या खांद्यांनी नाचून दाखवत होता. गुडघ्याखालचं काही लागतच नव्हतं. घरच्या माणसानं 'बस' म्हटलं की सोंग थांबतं. जिवा म्हणत नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. खिचडी करपल्याचा वास आला, पण ठकी हलली नाही. हरेशची गाडी गेली. जव्हारला जाणारी पुढची कितीला, असं त्यानं शेजारच्या पोराला विचारलं, पण पोरानं ऐकलंच नाही.

"बस म्हण आता," ठकी जिवाजवळ येऊन म्हणाली. "मरंल तो."

"गिरकी कच्ची हाय अजून."

"तुझी पण कच्ची होती. लगीन झालं तेव्हा बघितली हाय मी."

जिवानं तिच्याकडे बघितलं. हात वर केला. बाबल्यानं हात थांबवले, पण काठ्या खाली ठेवल्या नाहीत. 'बस' असा शब्द कुणी ऐकला नव्हता.

वामन धापा टाकत उभा होता. मुखवट्याआडून घरघर येत होती. "दादा. पाणी."

ठकीच्या हातातला तांब्या जिवानं घेतला. मुखवट्याची हनुवटी आपल्या हातानं वर उचलली आणि खालून तांब्या लावला. वामन पीत राहिला. थोडं पाणी लुगड्यावर सांडलं.

"दादा," आतून आवाज आला, आता जरा मोकळा. "बोहाड्याला कुणाच्या दारातून निघायची ही?"

जिवानं तांब्या ठकीला परत दिला. मुखवटा सरळ केला, गाठ चाचपली, नथ जरा पुढे ओढली.

"असा नाचलास तर कुणाच्याच नाय," तो म्हणाला. "नीट नाचलास तर माझ्या दारातून. मी स्वतः बांधीन. बाबल्या, परत. पहिल्यापासून."