खांबाचा खांदा

काळ्या घोंगड्यांनी खिडक्या झाकलेल्या त्या खोलीत एका लाल कंदिलाखेरीज उजेड नव्हता. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत पहाटेपासून रांग लागली होती. छायानाथ महाराजांनी कोरा कागद सत्यवतीच्या उजव्या खांद्यावर दाबला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि कागद थाळीतल्या तीर्थात सोडला. बघता बघता कागदावर खांदा उमटला. हाडं कोळशासारखी काळी.

"जय छायानाथ!" माणसं अक्षरशः रडत ओरडली.

महाराज चुकचुकले. "करणी आहे बेटी. अंदरचं मांस जळून खाक झालंय. अमावस्येला काळजापर्यंत पोचणार. त्याआधी तापल्या सळईचा डाग द्यावा लागेल. आणि लेकरू जवळ घेऊ नकोस, त्यालाही लागेल."

सत्यवतीने ती ओली छबी पदरात घेतली.

ती उमरेडची, हातमागावर लुगडी विणणारी. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एस.टी.च्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि दांड्याला धरलेल्या हातावर सगळा भार आला. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. दवाखान्यात डॉक्टर चारुलताबाईंनी एक्स-रे काढून सांगितलं होतं, "हाड शाबूत आहे. आतली शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटली असावी, पण साध्या एक्स-रेत शीर दिसत नाही, मांसही दिसत नाही. पुढच्या तपासण्या कराव्या लागतील."

नवरा देवराव तेवढंच धरून बसला. "त्या बाईले दिसतच नाही म्हंते. महाराजाले सारं दिसते. मंग कोनावर विश्वास ठेवू?"

महाराजांनी सांगितलं त्या दिवसापासून सत्यवतीने पोरीला कुशीत घेतलं नाही. पोर रडत रांगत यायची, की ही भिंतीकडे सरकायची. अमावस्या उजाडली तेव्हा तिला सळईचीच स्वप्नं पडत होती. देवरावाला न सांगता ती छबी पदरात लपवून दवाखान्यात गेली.

"बाई, मले डाग देनार आहेत. माह्यं मांस जळलं का वं खरंच?"

डॉक्टरबाईंनी छबी उजेडात धरली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सत्यवती, हा डावा खांदा आहे."

"पन माह्या तं उजवा दुखते!"

"म्हणून तर. हे कोणाच्या तरी एक्स-रेवरून छापलंय. फिल्मवर हाड पांढरं असतं, कागदावर छापलं की काळं दिसतं. चल, महाराजांच्याच तोंडून ऐकू."

दुपारी महाराजांच्या खोलीतल्या गर्दीत डॉक्टरबाई साध्या लुगड्यात मागे उभ्या राहिल्या. त्यांचे शेजारी आनंदराव पुढे झाले आणि सत्यवतीचीच छबी महाराजांसमोर धरली. "काल माझा मुलगा छबी काढून गेला. त्याला पोलिसात भरती व्हायचंय. खांदा ठीक आहे ना?"

महाराजांनी छबी कंदिलाजवळ नेली. "वा! मांस कसं तुकतुकीत! वाघाचा खांदा आहे. खुशाल पाठवा."

कोपऱ्यात शेगडीत सळई तापत होती. तरी सत्यवती पुढे आली.

"महाराज, थे छबी माही हाय. त्या दिवशी तुमी म्हनले मांस खाक झालं. आज तुकतुकीत काहून झालं?"

"करणीच बोलून राहिली हिच्या तोंडातून!" महाराज कडाडले. "धरा हिला!"

दोन चेले उठले. डाग द्यायच्या वेळेला म्हणून आलेला देवराव गर्दीतच होता. बायको मागे सरली नाही हे पाहून तो मध्ये आडवा झाला. "हात नका लावू गा तिले. बोलू द्या."

सत्यवतीने डाव्या हाताने महाराजांसमोरच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद उचलला, मधल्या लाकडी खांबावर दाबला आणि थाळीत सोडला. तीर्थात हळूहळू खांदा उमटला. तोच, डावा, काळ्या हाडांचा.

"आता खांबालेही करणी झाली का गा?"

आधी कोणीतरी हसलं, मग आरडाओरडा झाला. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं: फोटोच्या कागदावर चित्र आधीच उतरवलेलं, डोळ्यांना न दिसणारं. तीर्थ म्हणजे फोटो धुण्याचं रसायन. लाल उजेडात तो कागद खराब होत नाही, म्हणून लाल कंदील. छायानाथ मागच्या दाराने निघाला होता. त्याला लोकांनीच पोलिसांकडे नेलं.

पुढे दवाखान्यात सांध्यात एक्स-रेत दिसणारं औषध सोडून पुन्हा एक्स-रे झाला. तो दोन डॉक्टरांनी वेगवेगळा पाहिला, एकमेकांना न विचारता. शीर तुटली, यावर दोघांचं जुळलं. स्नायू किती सुकलाय, याचा चाचपून केलेला अंदाज मात्र दोघांचा निराळा आला.

"मंग खरं कोनाचं?" सत्यवतीने घाबरून विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑपरेशनात खांदा उघडल्यावर कळेल. हात पूर्वीसारखा होईल असं वचन मी देत नाही."

सत्यवती रात्रभर घाबरलेलीच होती, पण पोर तिच्या कुशीत होती. ऑपरेशन झालं. हात पुरता वर गेला नाही, कपाळापर्यंत गेला. तेवढ्यावर ती माग चालवते.

तुमच्या अंगातलं दिसतं म्हणणारा कोणी भेटला, मग तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात, तर तेच चित्र नाव झाकून त्याला पुन्हा दाखवा. दुसऱ्यालाही दाखवा. खरा माणूस त्यावर रागावत नाही.