पिंपातली कॉफी

भाऊ गेल्यावर घरातलं सगळं आपापल्या जागी राहिलं. फक्त कॉफीचं झाड पिवळं पडू लागलं.

झाड तसं खांद्याएवढंच. मुलुंडच्या त्या बैठ्या घराच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या अलीकडे, फणसाच्या सावलीत ते एका अर्ध्या कापलेल्या लाकडी पिंपात उभं होतं. मृणालिनीचे वडील मार्तंडराव, म्हणजे घरातले भाऊ, फोर्टातल्या एका खतांच्या कंपनीत होते. कंपनीची खतं कूर्ग-चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांना जायची, आणि कुठल्या मळ्याच्या मातीला काय कमी पडतंय ते पाहायला भाऊ दर वर्षी तिकडे जायचे. परतताना ट्रंकेत कपडे कमी आणि मातीच्या पुरचुंड्या जास्त. असंच एकदा ते टॉवेलात गुंडाळून वीतभर रोप घेऊन आले. मुंबईच्या उकाड्यात हे जगायचं नाही, असं ज्यानं त्यानं सांगितलं. भाऊंचं म्हणणं वेगळंच होतं. उकाडा कॉफी सोसेल, ते म्हणाले, इथली माती सोसायची नाही. कॉफीला आंबट माती लागते.

म्हणून पिंप. डोंगराच्या पायथ्याच्या रानात पाचोळा कुजून कुजून झालेली काळी माती भाऊ गोणीत भरून आणायचे. गोणीचं दुसरं टोक लहानपणापासून मृणालिनीच्या हातात असायचं. झाड खरोखरच रुजलं. दर साली मोगऱ्यासारखी पांढरी फुलं यायची, मग ओंजळभर फळं. बिया वाळवून तव्यावर भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, आणि सगळ्यांना घोट घोट कॉफी मिळायची. ती कडूजहर लागायची. भाऊ प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचे, त्यामुळे कुणाची खरं बोलायची छाती व्हायची नाही.

दसरा झाला आणि भाऊ गेले. मृणालिनीनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. पुस्तकांतली माणसं जाताना काहीतरी सांगून जातात. भाऊ आंघोळीचं पाणी मागून गेले.

त्यानंतर आई पिंपापाशी बसू लागली. सकाळी चहा झाला की धुण्याच्या दगडावर जाऊन बसायची. तांब्यानं थोडं पाणी घालायची, पदरानं पानं पुसायची. झाडाशी बोलायची नाही, माणसांशीही फारसं नाही. ताटात वाढलेलं चिवडून उठायची. घाटकोपरच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवून मृणालिनी संध्याकाळी घरी यायची, तेव्हाही आई बऱ्याचदा तिथेच असायची. मृणालिनी तिला उठवायची नाही. बसायला जागा आहे, हेही पुष्कळ, असं तिला वाटायचं.

थंडी सरत आली आणि कोवळी पानं पिवळी निघू लागली. एरवी या दिवसांत फांद्यांवर कळ्या धरायच्या. यंदा शेंडेच मलूल. मृणालिनीचा सख्खा भाऊ नंदकिशोर, म्हणजे नंदू, वांद्र्याहून येऊन गेला. त्याच्या मते झाडाचं वय झालं होतं. तो दुसरं काहीतरी छान आणून देणार होता. तो गेल्यावर बराच वेळ आई पिंपाकडे बघत राहिली.

"इथे राहवत नाहीये त्यांना," ती म्हणाली.

मृणालिनीला कळून चुकलं. आईच्या मनात हे झाड आता झाड उरलं नव्हतं. ते वाळलं तर आई पुन्हा एकदा तोच दिवस पाहणार होती, आणि या वेळी त्यातून उठेल याची खात्री नव्हती. काही करून झाड जगवायला हवं होतं.

तिनं भुईमुगाची पेंड भिजवून घातली. जवळच्या गोठ्यातून शेण आणून त्याचं पाणी दिलं. काही फरक पडेना. उलट नवं येणारं पान आधीच्यापेक्षा फिकं. एका रविवारी ती पान हातात धरून उन्हाकडे बघत होती, तर शिरा हिरव्यागार आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा. खालची जुनी पानं मात्र धडधाकट. तेव्हा तिला भाऊंचा आवाज जणू मागूनच ऐकू आला. जुनी पानं पिवळी पडली तर समजायचं, झाड उपाशी आहे, त्याला वाढ. कोवळी पडली तर वाढू नकोस. समोर ताट भरलेलं आहे, पण त्याचे हात बांधलेत. माती बघ.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतून लिटमसचे कागद आणि बाटलीभर शुद्ध पाणी आणलं. पिंपातली चिमूट चिमूट माती काचेच्या पेल्यात ढवळली, निवळू दिली. तांबडा कागद बुडवला. तो निळा झाला.

ती कागदाकडे बघतच राहिली. वर्गात मुलींना चुन्याच्या निवळीत हाच रंग ती दाखवायची. भाऊंची आंबट माती चुन्यासारखी झाली होती. विहिरीच्या पाण्यावर तिचा संशय होता, पण त्यात कागद तांबडाच राहिला. घराला चुना लावून दोन वर्षं झाली होती. मग उरली राख. चुलीतली राख आई अळूला घालायची, वालाला घालायची, भोपळ्याला घालायची. भाऊंनी एका पिंपाला तेवढी मनाई केली होती. दुःखात माणसाला सगळंच थोडं आठवतं?

आई धुण्याच्या दगडावरच बसली होती. मृणालिनी तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि जमेल तेवढ्या सहज आवाजात तिनं विचारलं, "आई, चुलीतली राख घातलीस का गं पिंपात?"

"चुलीतली नाही," आई म्हणाली.

विहिरीवरचा रहाट शेजारचं कुणीतरी ओढत होतं. तो थांबल्यावर आईनंच सांगितलं, मान खाली घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. स्मशानातून नंदूनं दोन बोचकी आणली होती, एक अस्थींचं, एक राखेचं. तसलं घरात आणत नाहीत म्हणून फाटकाजवळच्या आंब्याच्या फांदीला टांगली होती. दुसऱ्या दिवशी तो ती नाशिकला नेणार होता. पहाटे सगळे उठायच्या आत आईनं राखेचं बोचकं सोडलं, त्यातली निम्म्याहून जास्त पिंपात ओतली आणि खुरप्यानं आत खालीवर केली. अस्थींना हात लावला नाही. त्या विसर्जित करायचा मान मुलाचा.

"नाशिकला त्यांचं कोण होतं?" ती म्हणाली. "इथे निदान बरं वाटेल, म्हटलं."

मृणालिनीनं लिटमसचा कागद मुठीत दाबून धरला. विहिरीच्या पाण्यावर ढकलता आलं असतं. नंदू म्हणाला तसं वयावरही. तिच्या ओठांवर ते आलंही होतं. पण आईनं वर पाहिलं. आईचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं असलं, तरी कॉफीच्या मातीबद्दल नवऱ्याची बडबड तिनं तीस वर्षं ऐकलेली होती.

"त्यानंच का?"

"हो," मृणालिनी म्हणाली. "राखेनं मातीचा आंबटपणा जातो गं. मग मातीत असलेलं झाडाला घेता येत नाही."

आईचा चेहरा इतका लहान झाला की मृणालिनीला राहवेना. राहू दे तसंच, ती घाईघाईनं म्हणाली, माती बदलायची काही गरज नाही, झाड काय, आज ना उद्या गेलंच असतं. भाऊ जिथे आहेत तिथे असू देत. आणि हे ती मनापासून म्हणत होती. वडलांना दोनदा घराबाहेर काढायची हिंमत तिच्यातही नव्हती.

आई उठून घरात गेली. आता ती पडून राहील, जेवणार नाही, असं मृणालिनीला वाटलं. पण थोड्या वेळानं आई बाहेर आली ती पदर खोचून, हातात खुरपं घेऊन.

"म्हणजे ह्यांच्या हातचं झाड ह्यांनीच मारायचं?" ती म्हणाली. "मला नाही चालणार ते. चल, गोणी आण."

मृणालिनी गोणी घेऊन डोंगराकडे गेली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं अर्धी अर्धी करत माती आणली. त्या मातीत निळा कागद बुडवला, तेव्हा तो हळूहळू तांबूस झाला आणि तिला भरून आलं. दोघींनी मिळून पिंप आडवं केलं. राख कुठे आणि माती कुठे, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. सगळीच काढावी लागली. आई मुळांमधली माती बोटांनी मोकळी करत होती, केसांतली गुंत सोडवावी तशी, एकही मूळ न तोडता. झाड नव्या मातीत उभं राहिलं. शेंडे छाटले, पाणी दिलं. ते जगेल का, हे महिनाभर तरी कळणार नव्हतं, आणि तसं मृणालिनीनं सांगूनही टाकलं. आईनं मान हलवली.

मग तरटावरचा तो जुन्या मातीचा ढीग उरला. तो खाडीत सोडावा, असं मृणालिनीच्या मनात आलं. नंदूला बोलवावं लागेल, भटजींना विचारावं लागेल, असं ती बोलू लागली, तेवढ्यात आई म्हणाली, "माडाला राख मानवते."

घराच्या पुढच्या कोपऱ्यात एक नारळाचं झाड होतं. मृणालिनीच्या वेळच्या बाळंतपणाहून परतताना आईनं देवगडहून, माहेरहून, मोड आलेला नारळ आणून लावला होता. कोकणातली बायको, तिला ठाऊक होतं, माडाच्या आळ्यात मीठ घालतात, राख घालतात. भाऊंनी त्या झाडाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ते त्याला 'तुझा खांब' म्हणायचे.

"तिथे?" मृणालिनीनं विचारलं.

"हो, तिथे. जन्मभर त्या कॉफीपाशी बसले. आता बसू देत जरा माझ्या माडापाशी."

मृणालिनीला हसू फुटलं. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच, आणि ते आवरेना. आई तिच्याकडे रागानं बघायला गेली, पण तिचेही ओठ हलले.

दोघींनी तरट ओढत ओढत घराला वळसा घातला. आईनं आळं खणलं, मृणालिनीनं माती आत सोडली, थोडी थोडी, सगळ्या बाजूंनी. आळ्यातली माती टाचेनं दाबून बसवतात. मृणालिनीनं सवयीनं पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. आई आधीच गुडघ्यांवर बसली होती. मग तीही समोरच्या बाजूला बसली, आणि दोघी तळहातांनी ती माती दाबत राहिल्या.